एकोणीस चारशे

ज्या माणसाने जगात पहिल्यांदा हॉटेलच्या दारावर ‘पाळीव प्राण्यांचे स्वागत आहे’ अशी पाटी लावली, त्याला एका म्हाताऱ्या कुत्र्यासकट जुन्या गाडीत कोंबून चार दिवस फिरवलं पाहिजे, म्हणजे स्वागत कशाला म्हणतात ते त्याला कळेल. हे काटेवाल्याचं मत. रविवारी दुपारी सातवा फोन संपल्यावर त्याने ते मोठ्याने बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "मत देऊन झालं असेल तर आठवा नंबर वाचा."

काटेवाला म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावरचा माणूस. शहराबाहेर हमरस्त्याला लागून जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी प्लेट, तिच्यावर भरलेली गाडी उभी राहायची आणि पाच पायऱ्या वर असलेल्या केबिनच्या खिडकीतून पावती खाली यायची. भरलेली वजा रिकामी, उरला तो माल. तेवीस वर्षं त्याने ही पावती काढली आणि तेवीस वर्षांत एक किलो इकडचा तिकडे केला नाही. ड्रायव्हरांनी हात जोडले, आईबहिणीवरून शिव्या घातल्या, खिडकीत सिगारेटची पाकिटं ठेवून पाहिली. पाकिटं पावतीबरोबर परत खाली गेली. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बाहेर तो काटेवाला होता आणि खरं सांगायचं तर घरातही काटेवालाच होता.

बायको दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसायची. दिवसाला दोनशे रडवेल्या, चिडलेल्या, बहिऱ्या माणसांशी बोलून तिचा आवाज असा तयार झाला होता की समोरच्याला नाही म्हणताना लाज वाटावी. म्हणून हॉटेलांना फोन करायचं काम तिचं आणि यादी वाचायचं काम त्याचं. यादी त्याने स्वतः केली होती. भाडं परवडणारं, रस्त्यावरचं, कुत्रा चालणारं. अकरा नावं होती.

कुत्र्याचं नाव बोका. तेरा वर्षांपूर्वी मुलाने शाळेच्या सदऱ्यात लपवून आणला तेव्हा तो इतका करडा आणि इतकुसा होता की आई म्हणाली, मांजर कशाला उचलून आणलंस. तेव्हापासून बोका. आता त्याचे मागचे पाय गेले होते. चालवायचं तर पोटाखालून टॉवेल घालून मागची बाजू उचलून धरावी लागे, आणि तसं धरलं की तो मोठ्या दिमाखात पुढच्या दोन पायांवर चालायचा, जणू मागचं सामान हमालाकडे दिलंय. छातीत पाणी साठायला लागलं होतं. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं की हा उन्हाळा निघाला तर निघाला.

आईने ते मुलाला फोनवर सांगितलं. मुलगा दोन दिवसांच्या वाटेवर, राष्ट्रीय उद्यानात, वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर नोकरी करत होता. घर सोडून त्याला तीन वर्षं झाली होती. दर रविवारी आईला फोन करायचा, आईशी बोलायचा, बोक्याला फोन ऐकवायचा आणि ठेवून द्यायचा. डॉक्टरचं ऐकल्यावर तो म्हणाला की गुरुवारी त्याला सुट्टी असते, उद्यानाच्या फाटकापर्यंत बोक्याला आणता आलं तर आणा.

"आणि?" काटेवाल्याने विचारलं.

"आणि काय. एवढंच म्हणाला."

बोक्याला आणा. कुणी आणायचं, ते नाही. पण आईला गाडी येत नव्हती, हे मुलाला ठाऊक होतं. म्हणजे बोलावणं कुत्र्याला होतं आणि कुत्र्याबरोबर ड्रायव्हर आपोआप आला होता. काटेवाल्याला हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. पण तीन वर्षांत मुलाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं ज्यात त्याला जागा होती, भले ती स्टिअरिंगच्या मागे का असेना. कुत्रा मेला की ते वाक्यही मेलं. पुन्हा मुलगा काही मागणार नव्हता, आणि मागितल्याशिवाय त्याच्या दारात जाऊन उभं राहणं बापाच्या हाडात नव्हतं.

त्याने कामावर आठवड्याची रजा टाकली आणि बायकोला एकच अट घातली. मुलाला काही विचारायचं नाही. राहायचं कुठे, खायचं काय, आपलं आपण बघू. त्याच्यापुढे हात पसरायचे नाहीत. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण नुसतंच बरं म्हणाली.

आणि मग ते फोन. पहिल्या हॉटेलात कुत्रा चालत होता, पण पाच किलोच्या आतला. पाच किलोचा कुत्रा म्हणजे कुत्रा नव्हे, पर्स. दुसऱ्यात चालत होता, पण मागच्या अंगणात, पिंजऱ्यात, आणि पिंजरा आपला आपण आणायचा. तिसऱ्याने सांगितलं की कुत्र्याला खोलीत एकटं सोडता येणार नाही आणि जेवणाच्या हॉलमध्येही नेता येणार नाही. बायकोने विचारलं की मग जेवायचं कसं, तर म्हणाला, आळीपाळीने. चौथ्याने साफसफाईचे म्हणून खोलीच्या भाड्याहून जास्त पैसे सांगितले. त्यावर बायकोने अगदी खिडकीतल्या गोड आवाजात चौकशी केली की एवढ्या पैशात कुत्र्याला वेगळा पलंग मिळेल का, आणि तिकडून फोन आपटला गेला. पाचवं हॉटेल बंद पडून दोन वर्षं झाली होती. फोन उचलणाऱ्याचा तिथे आता टायरचा धंदा होता. त्याने मात्र प्रेमाने सांगितलं की आणा कुत्रा, टायरवर झोपेल.

आठव्या नंबरला एक मुलगी बोलली. किती माणसं, किती रात्री, प्राण्याचं नाव काय. बायकोने सांगितलं, बोका.

"अच्छा, मांजर. मांजरं चालतात आम्हाला," मुलगी म्हणाली. "वरच्या मजल्यावर खिडकीची खोली देते."

 बायकोने नवऱ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. ती काही खोटं बोलली नव्हती. लिहिणारी मांजर लिहीत होती, लिहू दे. पोचल्यावर काय ते बघू, पायऱ्यांवर बसून रडू, कुत्रा इतका म्हातारा आहे की त्यालाही आपण मांजर आहोत असं वाटतंय म्हणून सांगू. काटेवाला पुढे वाकला आणि फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाला, "कुत्रा आहे. नाव बोका आहे."

फोन बंद झाला. बायकोने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की चौकशीच्या खिडकीवरचा एखादा पेशंट असता तर औषध न घेताच घरी गेला असता. मग ती फोन आणि यादी घेऊन बाहेर गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. पंधरा मिनिटांनी परत आली आणि दोन नावांवर खूण करून यादी त्याच्यापुढे टाकली. एक मंगळवारच्या मुक्कामाचं, अर्ध्या वाटेवरचं. एक फाटकाजवळचं, बुधवार-गुरुवारसाठी. परतीच्या वेळचं परतीच्या वेळी बघू. सगळं नीट सांगितलंय, ती म्हणाली, तुम्ही फक्त गाडी चालवा.

त्याने गाडीत हवा भरली, पाणी पाहिलं आणि शनिवारी कुणी सांगितलं नसताना बोक्याला काखेत मारून वजनकाट्याशेजारच्या भंगारवाल्याकडे नेऊन केलेलं वजन प्रवासाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं. भंगारवाल्याकडे सपाट काटा होता, हलत्या जनावराला बरा. तीनदा वजन केलं. एकोणीस किलो चारशे ग्रॅम. का केलं, तर प्रवासाला निघायचं आणि गाडीत काय भरलंय ते माहीत नाही, हे त्याला जमण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी दिवसभर बरं चाललं. दर दोन तासांनी थांबायचं, टॉवेल लावून बोक्याला फिरवायचं, बशीत पाणी द्यायचं. तो खिडकीला नाक लावून इतक्या गंभीरपणे बाहेर बघत होता, जणू रस्ता त्याच्याच खात्याने बांधला होता. संध्याकाळी उजेड असतानाच ते अर्ध्या वाटेवरच्या लॉजवर पोचले. दुमजली इमारत, खाली बेकरी, काउंटरवर घामाने सदरा चिकटलेला एक दमलेला माणूस. त्याच्यामागे एका खुर्चीत मालक चहा पीत बसला होता. काउंटरवाल्याने वही पाहिली, नावं जुळवली, खुंटीवरून किल्ली काढून काउंटरवर ठेवली. मग मान लांब करून बायकोच्या पायाशी बसलेल्या बोक्याकडे पाहिलं आणि वहीत आधीच लिहिलेला आकडा वाचत म्हणाला, "चौदा किलो ना?"

"एकोणीस चारशे," काटेवाला म्हणाला.

त्याला कुणी सत्याचा पुतळा वगैरे समजू नये. त्याने काही ठरवून सांगितलं नाही. शिंक यावी तसं आलं ते. तेवीस वर्षं कुणीही आकडा म्हटला की बरोबर आकडा तोंडातून निघत होता, तसाच निघाला. काउंटरवाल्याचं पेन थांबलं. तो हळू आवाजात म्हणाला की साहेब, मला नीट ऐकू नाही आलं. माणूस भला होता. दार लावलेलं पुन्हा किलकिलं करून देत होता.

"एकोणीस किलो चारशे ग्रॅम. शनिवारीच केलंय, सपाट काट्यावर."

मागच्या मालकाने कप खाली ठेवला. पंधराच्या वर चालत नाही, तो म्हणाला, पाटीवर लिहिलंय. पाटीवर खरंच लिहिलं होतं, कुत्र्याच्या हसऱ्या चित्राखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. किल्ली परत खुंटीला गेली.

बोक्याला मागे ठेवून बायको पुढे येऊन बसली. त्याने गाडी सुरू केली. तिने हात पुढे करून किल्ली फिरवून बंद केली.

"तुम्हाला वजन कुणी विचारलं होतं?"

"त्याने विचारलं."

"त्याने विचारलं नाही. त्याने वाट दिली होती. तेवढीसुद्धा कळत नाही तुम्हाला." ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "पोरानेही तेव्हा वाटच मागितली होती."

तीन वर्षांत हा विषय या घरात कुणी काढला नव्हता. झालं होतं ते एवढंच. मुलगा एका कंत्राटदाराकडे खडीच्या ट्रकवर लागला होता. तिसरा दिवस. कंत्राटदाराने हावरटासारखी गाडी भरली आणि नेमका त्याच दिवशी रस्त्यावर तपासणीचा तळ पडला, सगळ्या गाड्या काट्यावर घ्यायचा हुकूम. मुलाने बापाच्या काट्यावर गाडी घेतली. खाली उतरून तो खिडकीखाली उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, मी आहे. वर काटेवाल्याने पावती काढली. एक टन आठशे जादा. पावती खिडकीतून खाली सोडली आणि पुढचा नंबर पुकारला. लायसन्स सहा महिने गेलं, कंत्राटदाराने दंड पोराच्या माथी मारून हाकलून दिलं. घरी आल्यावर पोरगं एकच वाक्य बोललं, "तुम्ही गाडीचा नंबर पाहिलात, मला पाहिलंच नाहीत." आणि बॅग भरली.

ती रात्र त्यांनी पेट्रोल पंपाच्या आवारात गाडीतच काढली. बोका मागच्या सीटवर पसरून घोरला, दोघं पुढे ताठ बसून राहिले. सकाळी बायकोने पंपावरच्या नळाला तोंड धुतलं, पाव आणि उकडलेलं अंडं त्याच्या हातात दिलं आणि दुपारपर्यंत डावीकडे वळा, उजवीकडे वळा यापलीकडे शब्द खर्चला नाही. काटेवाला आतल्या आत धुमसत होता. तिच्यावर, काउंटरवाल्यावर, त्या मुंगीएवढ्या अक्षरांवर. पंधरा किलो. हा पंधरा कुठून आला? सोळा किलोचा कुत्रा काय भिंत खातो? आयुष्यभर आकड्यांची चाकरी केलेल्या माणसाला पहिल्यांदाच एका आकड्याचा इतका राग आला होता की गाडी बाजूला घेऊन त्या आकड्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

दोन वाजता ते फाटकाजवळच्या हॉटेलात पोचले. डोंगर सुरू होत होता. गवत पार वाळून पिवळंफटक पडलं होतं, हवेत धुरकट वास. इथे वजनाची अट नव्हती, बायकोने तीनदा विचारून घेतलं होतं. फक्त लसीचं कार्ड लागणार होतं, आणि कार्ड होतं. मॅनेजर पन्नाशीचा, चष्म्याला दोरी लावलेला, टेबलावर पट्टीने आखल्यासारख्या तीन वह्या. त्याने कार्ड उलटसुलट पाहिलं. लशी झाल्या होत्या, शिक्के होते. मग त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. मालकाचं नाव.

कार्डावर मुलाचं नाव होतं. असणारच. कुत्रा त्याने आणला होता, पहिल्या लसीला सायकलच्या टोपलीत घालून तोच घेऊन गेला होता.

मॅनेजरने शांतपणे सांगितलं की मालक आणि राहणारा माणूस एकच पाहिजे. हॉटेल उद्यानाच्या हद्दीला लागून आहे, कुत्र्यांचे रोग आतल्या प्राण्यांना लागतात, म्हणून रोज संध्याकाळी सहाला इथल्या प्राण्यांची यादी मालकाच्या सहीनिशी उद्यानाच्या कचेरीत जाते. मालकाने सहाच्या आत इथे येऊन सही केली तर खोली. नाहीतर नाही.

बायकोने आपला खिडकीतला आवाज काढला. सांगितलं की मालक आमचा मुलगा आहे, इथेच उद्यानात नोकरीला आहे, उद्या त्याची सुट्टी आहे, उद्या सकाळी येऊन सही करेल. मॅनेजर म्हणाला, उद्या सकाळी आला तर उद्या सकाळी खोली.

मग काटेवाला पुढे झाला. दोन दिवसांचा प्रवास, गाडीतली रात्र आणि पोटात एक अंडं एवढ्या भांडवलावर त्याचा तोल गेला. त्याने टेबलावर हात आपटला. कुत्रा समोर दिसतोय, शिक्के समोर दिसतायत, बाप समोर उभा आहे. एका नावाने तुझं काय बिघडतं? कोण बघायला येणार आहे? माणसासारखा माणूस आहेस ना तू, जरा माणसाकडे बघ.

मॅनेजरने चष्मा काढला. तो चिडला नव्हता. "मी कागदावर काय आहे ते बघतो साहेब," तो म्हणाला. "माणसांकडे बघायला लागलो तर ही वही चालवता येणार नाही."

काटेवाल्याने टेबलावरचा हात उचलला. कोण बघायला येणार आहे, माणसासारखा माणूस आहेस ना, ही सगळी वाक्यं त्याला पाठ होती. तेवीस वर्षं ती खालून वर आली होती. आज तो खाली उभा होता आणि वरच्या माणसाला उत्तर तेच येत होतं, जे तो देत आला होता. आणि मेल्याचं चुकतही नव्हतं, हा सगळ्यात मोठा संताप.

बाहेर आल्यावर बायको गाडीला टेकून उभी राहिली. पोराला फोन लाव, काटेवाला म्हणाला.

"मी नाही लावणार."

"अगं सहाच्या आत..."

"तीन वर्षं मीच लावतेय. आता तुम्ही लावा. नंबर नसेल तर देते."

नंबर त्याला पाठ होता. त्याने लावला. चार वेळा वाजला, मग वाऱ्याचा आवाज आला.

"मी बोलतोय," काटेवाला म्हणाला.

"आईला काय झालं?"

"आई बरी आहे. इथे शेजारी उभी आहे."

"बोका?"

"तोही आहे. गाडीत आहे."

मग त्याने जे झालं ते सांगितलं. पावती वाचावी तसं, एकाखाली एक. कार्ड, नाव, सही, सहा वाजता. पलीकडे पोरगं ऐकत होतं आणि वारा फडफडत होता.

"माझी ड्यूटी पाचपर्यंत आहे," मुलगा म्हणाला. "पाचला बदली येतो. मग खाली उतरून फाटकापर्यंत यायला दीड तास. सहाच्या आत यायचं तर साडेचारलाच निघायला लागेल, मनोरा मोकळा टाकून. कालच पलीकडच्या अंगाला आग लागली होती, गवत कसं झालंय ते बघतच असाल." थांबला. "तुम्हीच सांगा. येऊ सोडून?"

काटेवाल्याने गाडीकडे पाहिलं. बोका जीभ काढून धापा टाकत होता. बायको त्याच्याच तोंडाकडे बघत होती. ये म्हटलं की पोरगा येणार होता. त्याच्या आवाजावरून कळत होतं की येणार होता.

"नको," तो म्हणाला. "सोडू नकोस. आम्ही थांबतो."

पलीकडून नाकातून हसल्यासारखा आवाज आला. "वाटलंच होतं."

"ऐक. ठेवू नकोस." त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला, जणू त्या कानाला बोलणं सोपं जाणार होतं. "त्या दिवशी मी एक किलोही कमी केला नसता. पावती तीच निघाली असती. आजही तीच काढीन. पण मी केबिनमधून खाली उतरायला पाहिजे होतं. तू खाली एकटा उभा होतास. पाच पायऱ्या होत्या फक्त."

वारा वाजत राहिला.  मग मुलगा म्हणाला, "त्याला उन्हात नका ठेवू," आणि फोन बंद झाला.

 बायकोने पदराने नाक पुसलं आणि ती बशीत पाणी ओतायला गेली.

पाच मिनिटांनी मॅनेजर बाहेर आला आणि म्हणाला की इथे उतरलेल्या लोकांनाच आवारात गाडी लावता येते. काटेवाल्याच्या तोंडात आलेली शिवी त्याने गिळली, तिचा चेंडू घशातून खाली जाताना बायकोला दिसला असेल. गाडी रस्त्यापलीकडे एका वाळक्या झाडाच्या विरळ सावलीत नेली. सावली सरकली की गाडी सरकवायची, असं त्याने चार वेळा केलं. पाच वाजल्यापासून तो खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. बायको म्हणाली, आत बसा, तो यायला अजून दीड तास आहे. तो म्हणाला, असू दे. पाय भरून आले तरी बसला नाही.

सहाला मॅनेजरने हॉटेलची काच आतून लावून घेतली. साडेसहा वाजून गेल्यावर उद्यानाचा पाण्याचा टँकर फाटकातून बाहेर आला आणि त्यातून दाढी वाढलेला, उन्हाने करपलेला एक माणूस उतरला. बापाच्या समोरून तो तडक गाडीकडे गेला. बापाने हात उचलला होता, तो खाली घेतला. मुलाने मागचं दार उघडलं. बोक्याने उठायचा प्रयत्न केला, मागचा भाग जागचा हलला नाही, मग तो नुसताच ओरडायला लागला. भुंकणं नव्हे, कुरकुर नव्हे, गंजलेल्या बिजागरीचं दार उघडावं तसलं काहीतरी. मुलगा सीटवर चढून त्याच्या अंगावर तोंड घालून बसला. आई दाराशी उभी राहून दोघांवरून हात फिरवत राहिली. काटेवाला चार पावलांवर उभा होता. त्याच्या वाट्याला काही आलं नाही आणि त्याने काही मागितलं नाही.

डोळे पुसून मुलगा बाहेर आला आणि त्याने आईला विचारलं की मग आता राहणार कुठे. आई म्हणाली, कुठेच नाही, गाडीतच. काल पण गाडीतच होतो.

"गाडीत? का? ही समोर चहावाली बाई आहे ना, तिच्या मागच्या खोल्या आहेत. आमच्या सगळ्यांच्या घरची माणसं तिथेच उतरतात. कुत्री चालतात, कोंबड्या चालतात, मागे एकाची शेळी होती चार दिवस. पाटीबिटी नाही तिची."

काटेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन दिवस, अकरा फोन, पेट्रोल पंप, आणि ही खोली इथे तीस पावलांवर. "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

मुलाने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "विचारलं कुणी?"

बायको या क्षणाला काहीही बोलू शकली असती. अट कुणी घातली होती ते सांगू शकली असती. ती पिशव्या काढायला लागली.  काटेवाल्याचा राग अजून होताच, फक्त तो कुणावर काढायचा ते संपलं होतं.

मुलाने बोक्याला पुढून धरून सीटच्या कडेला ओढलं. "तिकडून धरा," तो म्हणाला. कुणाला, ते म्हणाला नाही, पण दुसरं होतं कोण. काटेवाल्याने पोटाखालून टॉवेल घातला आणि मागची बाजू उचलली. दोघं बाजू-बाजूने रस्त्यावर आले. पोरगा डोंगर चढणारा, झपाझप चालायला लागला, म्हाताऱ्याचे पाय दीड तास उभं राहून लाकडं झाले होते. मधल्या मध्ये बोका झोळीसारखा लोंबायला लागला.

"फार खाली धरताय तुम्ही."

"तूच फार वर धरतोयस."

"अहो मग जवळ या ना थोडे."

"येतोय. पळतोस कशाला, आग लागलीय का?"

"दोघंही पुढे चला आधी," मागून दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली बायको म्हणाली. "गाडी येतेय."